आनंदाची मेडिकल

आमच्या घरात मला हसायची चोरी आहे. तसा कुणी नियम केलेला नाही, पण मी जरा गुणगुणले की नवरा वर्तमानपत्रातून डोकं वर काढून विचारतो, "झोप झाली ना नीट?" नणंदेला तिचा नवा स्कार्फ छान दिसतो असं दोनदा म्हटलं की ती माझ्या डोळ्यांत रोखून बघते आणि हळूच म्हणते, "वहिनी, गोळी घेतलीस ना?" घेतली गं बाई, रोज घेते. स्कार्फ खरंच चांगला होता म्हणून बोलले, तर त्याचीही तपासणी.

त्यांचंही चुकत नाही. हे मला कळतं आणि कळूनही राग येतो. दोन वर्षांपूर्वी आजार पहिल्यांदा वर चढला तेव्हा मी अशीच खूश होते. इतकी खूश की झोपेची गरजच वाटेना. घरातली सगळी दारं बिजागऱ्यांसकट काढली आणि गॅलरीत ओळीनं उभी केली, हवा खेळती राहावी म्हणून. न्हाणीघराचंसुद्धा सोडलं नाही. नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करतो, त्याच्या हत्यारांच्या पेटीचा एवढा वापर त्यानंही कधी केला नसेल. मग शेजाऱ्यांची दारं काढून द्यायला निघाले. शेजारी काही तयार होईनात. पुढे दवाखाना, गोळ्या, आणि तो आनंद उतरल्यावरचे काळेकुट्ट दिवस, ज्यांच्याबद्दल बोलायचा मला कंटाळा आहे. हळूहळू घडी बसली, गोळी लागू पडली. हातात नाजूकशी थरथर आणि घशाला सारखी कोरड, एवढाच काय तो तिचा त्रास. घर परत मिळालं, दारंही परत बसली. फक्त बस गेली.

मी बस ड्रायव्हर आहे. 'होते' म्हणायची वेळ आली होती, पण मी कधी म्हटलं नाही. मनाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला पुन्हा स्टिअरिंगवर बसायचं असेल तर त्याच्या मनाच्या डॉक्टरांचं पत्र लागतं, रक्ताचे रिपोर्ट लागतात आणि शेवटी डेपोच्या डॉक्टरांची मेडिकल, म्हणजे तब्येतीची तपासणी, पास व्हावी लागते. तोवर मला हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं होतं. छत्र्या, डबे, चष्मे आणि जोडीदाराविना राहिलेले हातमोजे. एकदा दातांची कवळी आली. ती न्यायला आलेल्या गृहस्थांनी तिथंच तोंडात बसवून बघितली, "ही माझी नाही" म्हणाले आणि परत ठेवून गेले. त्या खोलीच्या खिडकीतून बस बाहेर काढायचं फाटक दिसतं. प्रत्येक बस फाटकातून वळताना माझा उजवा पाय टेबलाखाली आपोआप दाबला जायचा.

आणि मग पत्र चांगलं आलं, रिपोर्ट चांगले आले, मेडिकलची तारीख लागली. मला एवढा आनंद झाला की कुठे ठेवू आणि कुठे नको. ठेवायचा तर होताच, कारण घरी दाखवायची सोय नव्हती.

आमच्या डेपोत मेडिकलची तयारी करून घ्यायची पद्धत आहे. ज्याची तारीख जवळ आली असेल त्याला बाकीचे ड्रायव्हर सुट्टीच्या वेळात गाठतात आणि तावून सुलाखून काढतात. ज्याचा रक्तदाब चढतो त्याच्या डब्यातलं लोणचं आधीच्या आठवड्यात लोक जप्त करतात. ज्याला कमी दिसतं त्याला डोळ्यांच्या तक्त्यातली शेवटची ओळ घोकून घ्यायला लावतात. ती ओळ आम्हाला सगळ्यांना तोंडपाठ आहे, लग्नाची तारीख विसरू पण ती नाही. या सगळ्या कारभाराचे मुख्य म्हणजे ब्रेकमामा. ते आमचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर. समोर कबुतर आलं तरी करकचून ब्रेक मारतात आणि मागची अख्खी बस पुढे येते, म्हणून हे नाव. आजवर एकाही मेडिकलला ते अडकले नाहीत, याचा त्यांना त्यांच्या मुलांपेक्षा जास्त अभिमान आहे.

आदल्या दिवशी दुपारी ब्रेकमामा माझ्या खोलीत आले. मागोमाग आणखी तिघंचौघं. मामांनी हरवलेल्या चष्म्यांतला एक उचलून नाकावर चढवला, माझ्या खुर्चीत बसले आणि डॉक्टर झाले. मला छत्र्यांच्या पेटीवर बसवलं.

"काय बाई, कसं वाटतंय?"

"मस्त!" मी म्हणाले.

"नापास!" मामांनी टेबलावर थाप मारली. "अगं पोरी, तुझ्या आजारात 'मस्त' हाच तर रोग. 'ठीक' म्हणायचं."

"ठीक."

"दात दिसले. परत म्हण."

"ठीक."

"आता भुवई उडाली. हे बघ, डॉक्टर म्हणजे तिकीट तपासनीस. मागितलं तेवढं दाखवायचं, आपणहून गप्पा मारायच्या नाहीत. हात गुडघ्यावर, नजर समोर, आवाज सपाट. एकदम थंड राहायचं."

हे मला पटलं. घरात तरी दुसरं काय करत होते मी? तासभर आम्ही थंडपणाची तालीम केली. कुणी मुद्दाम विनोद सांगितले, कुणी कवळी हातात धरून माझ्यासमोर नाचवली, तरी माझा चेहरा हलला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग जाता जाता एक जण माझ्या हातांकडे बघून म्हणाला, "थरथर दिसते हं जरा. आजच्या दिवस गोळी राहू दे की. एका दिवसानं काय होतंय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "गोळी सोडून मी पास झाले, तर पास कोण झालं? ती दारं काढणारी बाई! मग उद्या गाडीही तिलाच द्या!"

तो बिचारा एवढासा झाला. मामा म्हणाले, "बरोबर बोलली. पण उद्या आत हे असलं ओरडू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रीतसर झोपून, वेळेवर उठले. नवरा चहा गाळत होता आणि माझ्याकडे बघत होता. मी पाव खाल्ला तर बघतोय, अंडं सोललं तर बघतोय. गोळी त्याच्यासमोर घेतली, जीभ बाहेर काढून दाखवली, तरी बघतोय. आत आनंदाच्या नुसत्या उकळ्या फुटत होत्या आणि वर हे पाहणं. शेवटी त्यानं ओला टॉवेल पलंगावर टाकला आणि मला निमित्तच मिळालं. "किती वर्षं सांगायचं? दोरी कशाला बांधली आहे गॅलरीत, माकडांना झोके घ्यायला?" असं मी सुरू झाले ते तो बूट घालेपर्यंत. नणंद पोहायला शिकवते, तिच्या गळ्यात शिटी असते. तिनं दारातून शिटी फुंकली आणि म्हणाली, "वहिनी, फाउल! जा आता, उशीर होईल." मी निघाले. कोपरा वळेपर्यंत मागे वळून बघितलं नाही, कारण हसू फुटलं असतं.

डेपोच्या डॉक्टर वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर बसतात. या नव्या होत्या, पन्नाशीच्या, सर्दीनं बेजार. टेबलावर पाण्याचा थर्मास आणि रुमालांचा ढीग होता. खालून कुणीतरी इंजिन रेस करत होतं आणि खोलीतल्या काचा वाजत होत्या. तो आवाज माझ्या पायांतून वर चढला. मी हात गुडघ्यांवर ठेवले आणि समोरच्या भिंतीकडे बघू लागले.

आधी सगळं झकास झालं. डोळ्यांचा तक्ता बदललेला निघाला, आमच्या पाठांतराची माती झाली, पण माझी नजर चांगली आहे, शेवटची ओळ मी वाचून दाखवली. कान चांगले, रक्तदाब चांगला. लघवीचा नमुना द्यायला मला कधीच अडचण येत नाही, एवढं पाणी पिते मी. मग त्यांनी मला हात पुढे पसरायला लावले आणि बोटांवर एक कागद ठेवला. कागद जरासा हलला. त्यांनी खालून वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "गोळीची थरथर आहे. एवढी चालते." माझा जीव भांड्यात पडला, पण चेहऱ्यावर मी काही येऊ दिलं नाही.

मग प्रश्न सुरू झाले.

"झोप कशी आहे?"

"ठीक."

"गोळ्यांनी दिवसा सुस्ती येते?"

"नाही."

"कामात लक्ष लागतं?"

"लागतं."

"घरी कसं आहे?"

"ठीक."

डॉक्टरांनी नाक पुसलं आणि पेन खाली ठेवलं. माझ्या मनाच्या डॉक्टरांचं पत्र पुन्हा उघडून वाचलं. पुन्हा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, झालं, आता सही.

"एक सांगू का," त्या म्हणाल्या, "तुम्ही आल्यापासून तुमचा चेहरा एकदाही हललेला नाही. खाली मघाशी केवढ्यानं काहीतरी पडलं, मी दचकले, तुम्ही हूं की चूं केलं नाही. पत्रात लिहिलंय, रुग्ण सतर्क आहे, बोलका आहे. मला तसं दिसत नाही. मला वाटतं औषध तुम्हाला जड जातंय. गुंगी असेल तर प्रवाशांनी भरलेली बस मी तुमच्या हातात देऊ शकत नाही. डोस बघून घ्या आणि काही महिन्यांनी परत या."

काही महिने. छत्र्या, डबे, कवळी. आणि इतका वेळ दाबून धरलेलं सगळं एकदम वर आलं.

"अहो, गुंगी कसली!" मी जवळजवळ ओरडलेच. "मी सकाळपासून आनंदानं फुटायच्या बेतात आहे! खाली इंजिन ऐकू आलं तेव्हा मला उठून नाचावंसं वाटलं. ते पडलं ना, ते चाक होतं, पुढचं, मोठ्या गाडीचं, आवाजावरून सांगते. दचकायचं मी मुद्दाम टाळलं. काल तासभर तालीम केलीय थंड बसायची! मस्त म्हणायचं नाही, दात दाखवायचे नाहीत, भुवई उडवायची नाही. माझ्या आजारात आनंद दिसला की लोकांना वाटतं चढला आजार, मग मी काय करू? रडत यायचं होतं का मेडिकलला?"

बोलून गेले आणि तोंडावर हात ठेवला. झालं. आता गुंगीसाठी नाही, तर आनंदासाठी नापास. मामांनी सांगितलेलं सगळं मी मातीत घातलं होतं.

पण डॉक्टर पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकून बसल्या. "म्हणजे तुम्ही खूश आहात."

"खूप."

"मग मला दुसरी काळजी. दोन वर्षांपूर्वीही तुम्ही खूश होतात. तो आनंद आणि हा आनंद, यातला फरक तुम्हाला स्वतःला कळतो?"

हा प्रश्न कुणी तालमीत घेतला नव्हता. घरीही कधी कुणी विचारला नव्हता. सगळे आपापसात ठरवून मोकळे होत. मी गुडघ्यांवरचे हात उचलून टेबलावर ठेवले.

"तेव्हा मला कसलीच भीती नव्हती," मी म्हणाले. "आज मला भयंकर भीती वाटतेय. तुम्ही नाही म्हणालात तर मी जिन्यात बसून रडेन, मग खाली जाऊन माझ्या खोलीचं कुलूप उघडेन आणि कामाला लागेन. तेव्हा नाही म्हणणारा माणूस मला ऐकूच येत नव्हता. आणि तेव्हा मला कुणाच्या सहीची गरज वाटत नव्हती, डॉक्टर. आज तुमच्या एका सहीसाठी मी इथे मुकी होऊन बसले."

खालचं इंजिन बंद झालं. डॉक्टरांनी थर्मासमधून पाणी ओतलं आणि पेला माझ्यासमोर ठेवला. मी तो एका दमात संपवला.

"पुन्हा आजार चढायला लागला तर सगळ्यांत आधी कुणाला कळेल?"

"नवऱ्याला. माझ्याआधी."

"त्यांच्याशी बोलू का मी? तुमची हरकत नसेल तर. तुमच्यासमोरच."

हरकत नाही म्हणाले आणि फोन लावला, पण लगेच पस्तावले. ज्या माणसानं सकाळभर मला अंडं सोलतानाही सोडलं नव्हतं, त्याच्या हातात आता माझी बस. तो काय सांगणार ते मला दिसतच होतं. फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. तो कुठल्यातरी इमारतीत लिफ्टच्या वर उभा होता.

"काय झालं? झाली?" तो म्हणाला. आवाज घुमत होता.

डॉक्टरांनी आपली ओळख सांगितली. आपटणं थांबलं. "तुमच्या मिसेस आज सकाळी कशा होत्या, जरा सविस्तर सांगता का? काही लपवू नका."

"लपवायचं काय त्यात," तो म्हणाला. मी डोळे मिटले. "चार-पाच दिवस झाले, हसू दाबत फिरतेय घरभर. आम्हाला कळत नाही असं तिला वाटतं. न्हाणीघरात नळ सोडून गाणी म्हणते."

मेले, मी मनात म्हटलं.

"झोपतात नीट?"

"अगदी. घोरते." हे सांगायची काही गरज नव्हती. "जेवण वेळेवर, गोळी वेळेवर. जीभ काढून दाखवते मला, मी मागितलं नसताना. आणि आज सकाळी टॉवेलवरून अर्धा तास बोलली."

"चिडल्या होत्या?"

"हो. तेच सांगतोय ना. ती आजारी होती तेव्हा एकदाही चिडली नाही, डॉक्टर. सगळं गोड. मी छान, टॉवेल छान, जग छान. मला एका शब्दानं काही म्हणाली नाही, तेव्हाच मी घाबरलो होतो. आज माझी व्यवस्थित खरडपट्टी काढली आणि दुसऱ्या मिनिटाला आपला उरलेला पाव माझ्या डब्यात टाकला." वरून कुणीतरी त्याला हाक मारली, त्यानं "थांब रे" म्हणून ओरडून सांगितलं. "आम्ही फार बघतो तिच्याकडे, मी आणि माझी बहीण. दोन वर्षांत सवयच लागली. पण आज बघितलं ते वेगळं. म्हटलं, आली परत. हा आजार नाही, डॉक्टर. माझी बायको खूश आहे, बस."

मला हे कुणीतरी म्हणावं म्हणून मी किती वाट बघत होते ते मला तोवर माहीत नव्हतं. डोळ्यांतून सरळ पाणी आलं. डॉक्टरांनी त्यांच्या ढिगातला एक रुमाल माझ्याकडे सरकवला आणि एक स्वतः घेतला. त्यांना सर्दी होती, त्यामुळे तो कशासाठी ते मला सांगता येणार नाही.

मग त्यांनी सही केली. माझ्यासमोर, सावकाश, पूर्ण नाव लिहून. म्हणाल्या, "वर्षभराची परवानगी देते. मध्ये रक्ताचे रिपोर्ट चुकवायचे नाहीत, आणि झोप मोडायला लागली तर त्याच दिवशी स्वतः येऊन गाडीची किल्ली ठेवायची. आणि पुढच्या वेळी येताना हा असा दगडी चेहरा करून येऊ नका. घाबरवलंत मला."

"झाली का?" फोनमधून आवाज आला. आम्ही दोघी तो बंद करायला विसरलो होतो.

"झाली!" मी ओरडले. त्यावर लिफ्टच्या पोकळीत त्यानं जी आरोळी ठोकली ती त्या इमारतीच्या सगळ्या मजल्यांना ऐकू गेली असणार. कुणीतरी घाबरून "काय पडलं?" असं विचारत होतं.

जिन्याच्या तोंडाशी सगळी फौज उभी होती. माझे रडके डोळे बघून सगळ्यांचे चेहरे पडले. ब्रेकमामा पुढे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे पोरी. पुढच्या वेळी अजून थंड राहू."

"मामा, पास झाले. आणि तुमच्या थंडपणानं बुडत होते, ते नंतर सांगते."

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. आवारात उभ्या असलेल्या गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. वर्कशॉपवाले हातातले पाने घेऊनच बाहेर आले. सुपरवायझर ओरडत आले, कारण कळल्यावर त्यांनी स्वतःही एका गाडीत हात घालून हॉर्न दाबला आणि मग पुन्हा सगळ्यांवर ओरडले.

इतके दिवस स्टिअरिंगपासून लांब राहिलेल्या ड्रायव्हरला लगेच प्रवासी देत नाहीत. आधी एका जुन्या ड्रायव्हरला शेजारी बसवून रिकाम्या गाडीची पूर्ण फेरी मारून आणायची. ती फेरी मामांनी त्याच दुपारी मागून घेतली. मी नेहमीसारखी गाडीभोवती चक्कर मारली, टायरवर दांडा मारून आवाज ऐकला, आरसे पुसले. सीटवर चढले. पाठ टेकवली, पट्टा लावला. सीट कुणा लंबूटांगानं मागे नेऊन ठेवली होती ती पुढे ओढली. किल्ली फिरवली तेव्हा खालून तो आवाज वर आला, या वेळी माझ्या स्वतःच्या गाडीचा.

मामा बाजूला उभे होते, दांड्याला घट्ट धरून, स्वतः चालवत नसल्यामुळे जरा घाबरलेले. फाटकवाल्यानं फाटक उघडलं. समोर रस्ता, उन्हात पसरलेला, सिग्नलपर्यंत मोकळा. मला एकदम राहवलं नाही.

"मामा," मी म्हणाले, "मला फार आनंद झालाय. फारच. सांगून ठेवते."

मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांचं लक्ष रस्त्यावर होतं.

"मग होऊ दे की," ते म्हणाले. "समोर बघ."

मी समोर बघितलं आणि गाडी बाहेर काढली.